टेस्टोस्टेरॉनचा रिपोर्ट हातात आला की आधी घड्याळ बघा

रिपोर्टवर आकडा ठळक छापलेला असतो. रक्त किती वाजता काढलं ते कुठेतरी कोपऱ्यात, बारीक अक्षरांत. शेवटचा डोस कधी घेतला होता, ते बहुतेक वेळा कुठेच नसतं. टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन कमी म्हणून ते बाहेरून देण्याचे उपचार सुरू असलेल्या माणसाच्या रिपोर्टमध्ये नेमकी हीच दोन माहिती नसेल, तर त्या ठळक आकड्याचा फारसा उपयोग नाही. ७८० हा आकडा उत्तम असू शकतो, डोस जास्त झाल्याचं लक्षण असू शकतो किंवा कोपराच्या कातडीवर राहिलेल्या टेस्टोस्टेरॉनच्या जेलचा प्रतापही असू शकतो.

आधी एकक. काही लॅब नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये आकडा देतात, काही नॅनोमोल प्रति लिटरमध्ये, तर काही नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरमध्ये. १ नॅनोमोल प्रति लिटर म्हणजे साधारण २८.८ नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर. म्हणजे १५ नॅनोमोल, ४३२ नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर आणि ४.३२ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर हे तिन्ही एकच. लॅब बदलली, एकक बदललं आणि ‘पातळी एकदम पडली’ म्हणून डोस वाढवला, असंही होतं. या लेखात जिथे टेस्टोस्टेरॉनचा नुसता आकडा दिलाय, तिथे तो नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटरमधला समजा.

उपचार सुरू करण्याआधीच्या तपासण्यांवर बरेच जण घाई करतात आणि ती घाई नंतर भोवते. टेस्टोस्टेरॉन पहाटेच्या सुमारास सगळ्यात जास्त असतं आणि दिवसभरात उतरत जातं. तरुणांमध्ये ही घसरण ठळक असते, वयाबरोबर ती सपाट होते. पोटात ग्लुकोज गेलं तरी पातळी तात्पुरती खाली येते. म्हणून निदानासाठी रक्त सकाळी ७ ते १०च्या दरम्यान, उपाशीपोटी काढायचं आणि कमी आलं तर वेगळ्या दिवशी पुन्हा काढायचं. ताप, इस्पितळातला मुक्काम, रात्रपाळीनंतरची सकाळ, ओपिऑइड गटातल्या वेदनाशामक गोळ्या किंवा स्टिरॉइडचा कोर्स सुरू असताना काढलेला नमुना निदानासाठी धरू नये. एंडोक्राइन सोसायटीच्या २०१८च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये खालची मर्यादा २६४ आहे. अमेरिकन युरॉलॉजिकल असोसिएशन ३०० धरते. फरक आहे, पण दोघांचाही आग्रह दोन सकाळच्या नमुन्यांवर आणि लक्षणांवर आहे. एका आकड्यावर आयुष्यभराचं औषध सुरू होत नाही.

त्याच वेळी एलएच आणि एफएसएच या दोन हार्मोनांच्या तपासण्या करून घ्यायच्या. पिट्यूटरी ग्रंथी वृषणांना जो हुकूम पाठवते, तो हा. टेस्टोस्टेरॉन कमी आणि एलएच चढलेला, म्हणजे हुकूम पोचतोय पण वृषणं साथ देत नाहीत. टेस्टोस्टेरॉन कमी आणि एलएचही कमी किंवा ‘नॉर्मल’, म्हणजे गडबड वरच्या मजल्यावर आहे. मग प्रोलॅक्टिन (पिट्यूटरीचंच आणखी एक हार्मोन), लोहाच्या तपासण्या आणि गरज पडली तर पिट्यूटरीचा एमआरआय बघावा लागतो. उपचार सुरू झाल्यावर ही माहिती मिळत नाही, कारण बाहेरून आलेलं टेस्टोस्टेरॉन पाहून पिट्यूटरी हुकूम पाठवणंच बंद करते आणि एलएच, एफएसएच शून्याजवळ जातात. उपचारादरम्यान कोणीतरी हौसेने एलएच तपासतं, ०.१ बघून घाबरतं. त्यात घाबरण्यासारखं काही नाही, औषध पोचत असल्याची ती खूण आहे.

याचाच दुसरा परिणाम मात्र गंभीर आहे. एलएच आणि एफएसएच दबले की शुक्राणूंची निर्मितीही दबते, अनेकांमध्ये ती शून्यावर येते. पुढच्या वर्षभरात मूल हवं असेल तर टेस्टोस्टेरॉन सुरूच करू नये. डॉक्टरांशी एचसीजी किंवा क्लोमिफीनसारख्या, वृषणांचं काम चालू ठेवणाऱ्या दुसऱ्या औषधांबद्दल बोलावं. निदान वीर्याची तपासणी आणि नमुना गोठवून ठेवण्याचा विचार सुरुवातीलाच व्हावा. तहान लागल्यावर विहीर खणण्यातला प्रकार इथे महागात पडतो. बंद केल्यावर निर्मिती बहुतेकांत परत येते, पण त्याला कित्येक महिने लागतात.

एसएचबीजी नावाचं प्रथिन कायम दुर्लक्षित राहतं. रक्तातल्या टेस्टोस्टेरॉनपैकी मोठा हिस्सा याला घट्ट चिकटलेला असतो, बराचसा अल्ब्युमिन या दुसऱ्या प्रथिनाला सैल चिकटलेला आणि जेमतेम २ टक्क्यांच्या आसपास मोकळा. लठ्ठपणा, मधुमेह आणि मंद थायरॉइड यांत एसएचबीजी खाली जातं. वाढतं वय, जलद थायरॉइड, यकृताचे आजार आणि फिट्सवरची काही औषधं यांत ते वर जातं. दोन माणसं घेऊ. पहिल्याचं एकूण टेस्टोस्टेरॉन २८०, एसएचबीजी १५ नॅनोमोल प्रति लिटर. दुसऱ्याचं एकूण ४२०, एसएचबीजी ८०. दोघांचं अल्ब्युमिन ४.३ ग्रॅम प्रति डेसिलिटर धरून व्हर्म्यूलेनच्या सूत्राने मोकळं टेस्टोस्टेरॉन काढलं, तर पहिल्याचं सुमारे ८० पिकोग्रॅम प्रति मिलिलिटर येतं आणि दुसऱ्याचं सुमारे ४५. युरोपातल्या वयस्क पुरुषांच्या मोठ्या पाहणीतून पुढे आलेली मर्यादा साधारण ६४ आहे. म्हणजे कागदावर ‘कमी’ असलेला पहिला माणूस खरं तर ठीक आहे आणि ‘नॉर्मल’ असलेल्या दुसऱ्याला कमतरता आहे. एकूण आकडा सीमारेषेवर असेल तेव्हा एसएचबीजी आणि अल्ब्युमिन मागून घ्यावेत, मोकळं टेस्टोस्टेरॉन सूत्राने काढावं. सगळ्यात खात्रीची पद्धत इक्विलिब्रियम डायलिसिसची, पण ती सगळीकडे मिळत नाही. अनेक लॅबच्या यादीत ‘डायरेक्ट फ्री टेस्टोस्टेरॉन’ नावाची स्वस्त तपासणी असते. ती बिनभरवशाची आहे, तिच्यावर पैसे घालवू नयेत.

आता उपचार सुरू झाले असं धरू. इथून पुढे ‘सकाळी, उपाशीपोटी’ हा नियम पुरत नाही. घड्याळ आता औषधाचं.

टेस्टोस्टेरॉनच्या एनान्थेट किंवा सायपिओनेट या प्रकारांचं इंजेक्शन घेतल्यावर पहिल्या काही दिवसांत पातळी शिखरावर जाते आणि मग घसरते. एनान्थेटची पातळी साधारण साडेचार दिवसांत निम्मी होते. ढोबळ हिशेब करून बघा. दर १४ दिवसांनी २०० मिलिग्रॅम घेणाऱ्या एखाद्याची दुसऱ्या दिवशीची पातळी १२०० आहे, असं धरू. सातव्या दिवशी ती साडेपाचशेच्या आसपास येईल, चौदाव्या दिवशी दोनशेच्या खाली. म्हणजे एकाच माणसाचे, एकाच डोसवरचे तीन रिपोर्ट. पहिला बघून डोस कमी केला जाईल, तिसरा बघून वाढवला जाईल आणि दोन्ही निर्णय चुकतील. म्हणूनच या इंजेक्शनांत रक्त दोन डोसांच्या बरोबर मध्यावर काढायची पद्धत आहे. १४ दिवसांचं अंतर असेल तर सातव्या दिवशी, आठवड्याचं असेल तर तिसऱ्या-चौथ्या दिवशी. मध्यावरचा आकडा ३५० ते ६०० यांच्यात असावा. त्याबाहेर गेला तर डोस किंवा अंतर बदलायचं.

याच माणसाने दर आठवड्याला १०० मिलिग्रॅम घेतलं तर महिन्याची मात्रा तीच, सरासरीही तीच, पण त्याच हिशेबाने शिखर ८००च्या आसपास आणि तळ ३७०च्या आसपास राहतो. ‘इंजेक्शन घेतल्यावर तीन दिवस हवेत, दुसऱ्या आठवड्यात अंगात जीव नाही, चिडचिड’ ही तक्रार या झोक्यामुळे येते. त्यावर मात्रा वाढवली की शिखर आणखी उंच जातं आणि रक्त घट्ट व्हायला सुरुवात होते. मात्रा तशीच ठेवून अंतर कमी करणं हा साधा उपाय आधी करून बघावा, अर्थात डॉक्टरांना विचारून.

आणखी एक गोष्ट: पहिल्या दुसऱ्या इंजेक्शननंतर रक्त तपासण्यात अर्थ नाही. आधीच्या डोसांची शिल्लक साठत जाऊन पातळी स्थिर व्हायला साधारण चार-पाच ‘निम्मे होण्याचे’ काळ लागतात. एनान्थेटला तीन ते चार आठवडे, सायपिओनेटला त्याहून थोडे जास्त. डोस बदलल्यावरही तेवढंच थांबायचं. दर पंधरा दिवसांनी रिपोर्ट काढून दर पंधरा दिवसांनी डोस बदलणारा माणूस स्वतःच्याच सावलीचा पाठलाग करत असतो.

अनडेकॅनोएट या तिसऱ्या प्रकाराच्या लांब पल्ल्याच्या इंजेक्शनचं गणित उलटं. १००० मिलिग्रॅमचं पहिलं इंजेक्शन, सहा आठवड्यांनी दुसरं आणि मग दर १० ते १४ आठवड्यांनी. अमेरिकेत ७५० मिलिग्रॅमचं वेळापत्रक आहे: सुरुवातीला, चार आठवड्यांनी, मग दर दहा आठवड्यांनी. यात रक्त पुढच्या इंजेक्शनच्या अगदी आधी काढतात, म्हणजे तळ बघतात. तळ सामान्य पल्ल्याच्या खालच्या-मधल्या भागात असला की झालं. तो फार वर असेल तर अंतर वाढवायचं, खाली असेल तर कमी करायचं. इंजेक्शन देऊन झाल्यावर ‘अरे, रक्त राहिलंच’ असं लक्षात आलं, तर ती संधी पुढच्या खेपेपर्यंत गेली. भेटीच्या आदल्या दिवशीच नमुना देऊन ठेवलेला बरा.

जेल वापरत असाल तर ते लावल्यानंतर २ ते ८ तासांत रक्त काढतात, तेही निदान आठवडाभर रोज लावल्यावर. काही कंपन्यांच्या माहितीपत्रकात सकाळचा डोस लावण्यापूर्वीचा नमुना सांगितलेला असतो. मग तसं करावं, पण दरवेळी तसंच. जेलच्या पातळीत एका दिवसापासून दुसऱ्या दिवसापर्यंत बराच फरक पडतो, त्यामुळे एका विचित्र आकड्यावर विश्वास न ठेवता तपासणी पुन्हा करावी.

जेलची सगळ्यात गमतीदार आणि सगळ्यात धोक्याची चूक कातडीवर होते. दंडाला किंवा खांद्याला जेल लावताना हात घसरून कोपराच्या आतल्या बाजूला, शिरेवर, थोडं लागतं. सुई तिथूनच आत जाते आणि नळीत रक्ताबरोबर औषधही जातं. रिपोर्ट २००० किंवा त्याहून वर. बोटाला टोचून थेंब घेणाऱ्या घरगुती किटमध्ये तर हे हमखास होतं, कारण जेल बोटांनीच लावलेलं असतं, आणि हात धुतल्यावरही खुणा राहतात. उपाय असा: तपासणीच्या दिवशी जेल लावलेल्या हातातून रक्त देऊ नये, दोन्ही दंडांना लावत असाल तर पोट किंवा मांडीचा पर्याय माहितीपत्रकात आहे का ते बघावं आणि टोचायची जागा साबणाने धुऊन घ्यावी. अंगात काहीच फरक नाही, हिमॅटोक्रिट (रक्तातला तांबड्या पेशींचा वाटा) जागचं हललेलं नाही आणि टेस्टोस्टेरॉन मात्र आभाळाला, असं दिसलं की आधी कातडीवर संशय घ्या. हीच कातडी घरातल्या बायका-मुलांना लागली तर त्यांच्या अंगातही औषध जातं. लावलेला भाग वाळल्यावर कपड्याने झाकायचा, हात साबणाने धुवायचे, लहान मूल कडेवर घेण्याआधी विशेष काळजी.

कातडीवर चिकटवायचा पॅच असेल तर तो लावल्यावर ३ ते १२ तासांनी रक्त काढतात. तोंडाने घ्यायच्या अनडेकॅनोएट कॅप्सूलचं शोषण जेवणातल्या स्निग्धांशावर अवलंबून असतं. रिकाम्या पोटी गोळी घेऊन ‘उपाशीपोटी’ रक्त दिलं तर पातळी खोटी कमी येते. किती तासांनी नमुना घ्यायचा, हे ब्रँडनुसार बदलतं, तेव्हा माहितीपत्रक पाळावं.

लॅबमधल्या अडचणींपैकी बायोटिन या जीवनसत्त्वाची अडचण सांगायलाच हवी. केस-नखांसाठीच्या गोळ्यांत ५ किंवा १० मिलिग्रॅम बायोटिन असतं, शरीराच्या रोजच्या गरजेच्या कितीतरी पट. अँटिबॉडी वापरून मोजणाऱ्या बऱ्याच यंत्रांची (इम्युनोअॅसे) रासायनिक बांधणी बायोटिनवरच उभी असते. त्यामुळे टेस्टोस्टेरॉन आणि इस्ट्रॅडिऑल (इस्ट्रोजेन गटातलं हार्मोन) खोटं जास्त येऊ शकतं, तर एलएच, टीएसएच (थायरॉइडची तपासणी) आणि पीएसए (प्रोस्टेट ग्रंथीची तपासणी) खोटं कमी. पीएसए खोटं कमी येणं म्हणजे धोक्याची घंटा न वाजणं. तपासणीच्या निदान दोन-तीन दिवस आधी ही गोळी बंद ठेवावी. मात्रा फार मोठी असेल तर त्याहून आधी. यंत्रं वेगळी, पद्धती वेगळ्या, म्हणून लॅब शक्यतो बदलू नये. लिक्विड क्रोमॅटोग्राफी आणि मास स्पेक्ट्रोमेट्रीची सोय असेल तर ती इम्युनोअॅसेपेक्षा अचूक, विशेषतः खालच्या पातळ्यांना.

खरं सांगायचं तर उपचारादरम्यान टेस्टोस्टेरॉनच्या आकड्यापेक्षा हिमॅटोक्रिटवर जास्त डोळा ठेवावा. टेस्टोस्टेरॉन हेप्सिडिन (लोह अडवून धरणारं हार्मोन) कमी करतं, लोह मोकळं होतं, एरिथ्रोपॉइटिनचा (तांबड्या पेशी बनवायला लावणाऱ्या हार्मोनचा) जोर वाढतो आणि तांबड्या पेशी वाढत जातात. सुरुवातीलाच हिमॅटोक्रिट ४८ टक्क्यांच्या वर असेल तर उपचाराआधी कारण शोधावं. मग ३ ते ६ महिन्यांनी, पुढे वर्षाला एकदा. ५४च्या वर गेलं तर औषध थांबवायचं, ते खाली येईपर्यंत वाट बघायची आणि कमी मात्रेवर परत सुरू करायचं. मध्यंतरी झोपेतला श्वासरोध, धूम्रपान, फुप्फुसाचे आजार यांचा शोध घ्यायचा. घोरणारा, दिवसा पेंगणारा माणूस असेल तर झोपेची तपासणी टाळू नये. इंजेक्शनांत हिमॅटोक्रिट जेलपेक्षा जास्त चढतं. अंतर कमी केल्याने किंवा जेलवर गेल्याने अनेकदा भागतं. ‘रक्त काढून टाका’ हा सल्ला सहज दिला जातो, पण वारंवार रक्त काढल्याने लोहाचा साठा रिकामा होतो आणि मग थकवा येतो, ज्यासाठी मुळात उपचार सुरू केले होते. नमुना देण्याच्या आदल्या रात्री आणि सकाळी पाणी नीट प्यावं. शरीर कोरडं असेल तर ५२चं ५४ सहज दिसतं.

पीएसएसाठी सुरुवातीचा आकडा हातात असणं महत्त्वाचं. तो ४ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या वर असेल, किंवा प्रोस्टेट कर्करोगाचा धोका जास्त असलेल्यांत ३च्या वर, तर आधी युरॉलॉजिस्ट. पहिल्या वर्षात १.४पेक्षा जास्त वाढला आणि पुन्हा तपासूनही तसाच राहिला, तरी युरॉलॉजिस्ट. लघवीचा संसर्ग, आदल्या दोन दिवसांतला वीर्यपात, लांबचं सायकलिंग यांनी पीएसए वर जातं. फिनास्टराइड घेणाऱ्यांत ते जवळपास निम्मं होतं. केसांसाठी घेतोय म्हणून ही गोळी डॉक्टरांना सांगायची राहून जाते, आणि मग २.५चा आकडा निरुपद्रवी वाटतो.

इस्ट्रॅडिऑलबद्दल इंटरनेटवर जेवढी भीती आहे, तेवढी गरज नाही. टेस्टोस्टेरॉनचा काही भाग अरोमाटेज एन्झाइममुळे इस्ट्रॅडिऑल होतो आणि पुरुषांच्या हाडांना, लैंगिक इच्छेला तो हवाच असतो. स्तन दुखत असतील, तिथे गाठ जाणवत असेल तरच तपासावं, तेही मास स्पेक्ट्रोमेट्रीवर, कारण पुरुषांच्या खालच्या पातळ्यांना साधी यंत्रं गडबडतात. नुसता आकडा बघून अॅनास्ट्रोझोल (इस्ट्रॅडिऑल कमी करणारी गोळी) सुरू करणं म्हणजे आगीतून फुफाट्यात: सांधे दुखतात, इच्छा मरते, हाडं झिजतात.

हृदयाच्या बाबतीत २०२३मध्ये प्रसिद्ध झालेल्या ट्रॅव्हर्स चाचणीत, ४५ ते ८० वयाच्या, हृदयरोग किंवा त्याचा धोका असलेल्या पाच हजारांहून जास्त पुरुषांना टेस्टोस्टेरॉनचं जेल किंवा नुसतं प्लासिबो (औषध नसलेलं जेल) दिलं होतं. हार्ट अॅटॅक, पक्षाघात आणि हृदयविकाराने मृत्यू यांचं प्रमाण प्लासिबोपेक्षा जास्त आलं नाही. मात्र एट्रियल फिब्रिलेशन (हृदयाचे अनियमित ठोके), मूत्रपिंडाला अचानक इजा आणि फुप्फुसात गुठळी जाणं ही प्रकरणं टेस्टोस्टेरॉन गटात जास्त होती. धडधड, पायाची एकतर्फी सूज, अचानक दम लागणं यांत रिपोर्टची वाट बघायची नसते. रक्तदाबही प्रत्येक भेटीत मोजावा.

नोंदीची वही लागते, आणि तीत एका ओळीत सगळं मावतं: ‘एनान्थेट १०० मिलिग्रॅम, उजवी मांडी, सोमवार सकाळी ८. रक्त गुरुवारी सकाळी ९, उपाशी, बायोटिन ४ दिवस बंद. टेस्टो ५४०, हिमॅटोक्रिट ४९. इच्छा बरी, झोप तुटक, मुरुम.’ या शेवटच्या चार-पाच शब्दांशिवाय आधीचे आकडे अपुरे आहेत. इच्छेत फरक तीन ते सहा आठवड्यांत जाणवायला लागतो, स्नायू आणि चरबीत तीन-चार महिन्यांनी, हाडांच्या घनतेला सहा महिन्यांपासून पुढे. सहा महिने पातळी मध्यावर राहूनही लक्षणांत काडीचा फरक नसेल, तर आकडा आणखी वर ढकलू नये. थायरॉइड, नैराश्य, झोप आणि मधुमेह यांच्याकडे वळावं.

औषध थांबवायचं ठरलं तर तपासणीची घाई करू नये. जेल काही दिवसांत अंगातून जातं, अनडेकॅनोएटचं इंजेक्शन कित्येक आठवडे मुरत राहतं. त्यानंतर पिट्यूटरीला जागं व्हायला वेळ लागतो. या मधल्या काळात काढलेलं टेस्टोस्टेरॉन कमीच येणार, आणि ते मूळ आजाराबद्दल काही सांगत नाही. तेव्हा सकाळच्या नमुन्यात टेस्टोस्टेरॉनबरोबर एलएच मागवा. एलएच अजून शून्याजवळ असेल तर आणखी काही आठवडे थांबून पुन्हा तपासा.